संदेशाची वाट आणि वाटेवरचा मध्यस्थ



आपल्यापैकी ज्यांचे वय आज साठीच्या पुढे आहे, त्यांना लहानपणचा एक प्रसंग आठवत असेल. मुंबईच्या गिरणीत किंवा गोदीत काम करणाऱ्या मुलाचे पत्र गावी येई. घरात वाचता येणारे कोणी नसे. मग ते पत्र पदराखाली धरून म्हातारी आई वाचता येणाऱ्याच्या दारात जाऊन बसे. त्याला सवड होईल तेव्हा तो ते वाची. कधी पुरते वाची, कधी अर्धेच वाची. त्यातील कोणती गोष्ट सांगावयाची व कोणती गाळावयाची हेही तोच ठरवी. मनीऑर्डर किती रुपयांची येणार, मुलीचे लग्न कोठे जुळते आहे, भावाभावांत कशावरून बिनसले आहे, हे सारे घरच्यांच्या आधी त्याला कळे. पत्र आपले, पैसा आपला, मुलगाही आपला. परंतु मध्ये बसलेल्या माणसाच्या मर्जीवाचून त्यांतील काहीच आपल्या हाती लागत नसे.

ते दिवस गेले असे आपण म्हणतो. घरातील मुले शिकली, घरोघर मोबाईल आला, पत्राची जागा संदेशाने घेतली. परंतु क्षणभर थांबून विचार करा. मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरावयाचा असला म्हणजे आपण तालुक्याच्या ठिकाणी अर्ज भरून देणाऱ्या दुकानात जातो. तेथील मनुष्य आपला आधार क्रमांक घेतो, आपल्या फोनवर आलेला ओटीपी विचारतो, पासवर्ड स्वतःच ठरवितो आणि तो स्वतःच्याच वहीत लिहून ठेवतो. "अर्ज गेला" असे तो म्हणाला की आपण गेला असे मानतो. "सर्व्हर डाउन आहे, उद्या या" असे म्हणाला की उद्या जातो. अर्ज कोठे गेला, कोणत्या वाटेने गेला, पोचला की नाही, हे विचारण्याइतकी माहिती आपल्याजवळ नसते. मग पत्र वाचून दाखविणाऱ्या त्या जुन्या माणसात आणि या नव्या माणसात अंतर ते किती राहिले? हा मनुष्य दुष्ट असतो असे माझे म्हणणे नाही. बहुधा तो सज्जनच असतो. परंतु आपला हक्क दुसऱ्याच्या सज्जनपणावर अवलंबून असणे, हीच गोष्ट मुळात बरी नाही.

कोणी म्हणेल, एस.टी.त बसावयाचे तर इंजिन कसे चालते हे कशाला कळावयास हवे? आक्षेप खरा आहे. इंजिन कळण्याची गरज नाही. परंतु गाडीवरची पाटी वाचता आली पाहिजे, आपला थांबा ओळखता आला पाहिजे, तिकिटाचा हिशेब समजला पाहिजे, आणि गाडी सुटली नाही तर कोणाला जाब विचारावयाचा हे ठाऊक असले पाहिजे. एवढेही ज्याला ठाऊक नाही, त्याला कोणीही कोणत्याही गाडीत बसवून देऊ शकतो. संगणकांच्या जाळ्याविषयी एवढीच, पाटी वाचण्यापुरती, माहिती प्रत्येक घरात असली पाहिजे असे माझे ठाम मत आहे. ती माहिती अवघडही नाही, हे दाखवावे म्हणून हा लेख.

एका धंदेवाल्याची तक्रार

प्रथम एक जुनी हकीकत ऐका. अमेरिकेतील कॅन्सस सिटी या शहरात आल्मन स्ट्रोजर नावाचा एक गृहस्थ अंत्यविधीची व्यवस्था करून देण्याचा धंदा करीत असे. त्या काळी टेलिफोन लावावयाचा म्हणजे प्रथम एक्स्चेंजमधील ऑपरेटरला सांगावे लागे, आणि ती हाताने तार जोडून देई. आपल्याला येणारे फोन ऑपरेटर मुद्दाम आपल्या प्रतिस्पर्ध्याकडे वळविते, असा स्ट्रोजरला संशय आला, अशी हकीकत सांगितली जाते. तो नुसता तक्रार करीत बसला नाही. ऑपरेटरवाचूनच तार जोडली जाईल असे यंत्र त्याने कल्पिले आणि १८९१ मध्ये त्याचे पेटंट मिळविले. पुढच्याच वर्षी, १८९२ मध्ये, इंडियाना राज्यातील ला पोर्ट या गावी असे पहिले एक्स्चेंज सुरू झाले. आपल्या देशात दूरच्या गावी थेट फोन लावण्याची एस.टी.डी. सोय १९६० मध्ये प्रथम कानपूर आणि लखनौ या शहरांच्या दरम्यान झाली. तोवर सर्वत्र, आणि त्यानंतरही अनेक वर्षे पुष्कळ गावी, ट्रंक कॉल नोंदवून तासन् तास वाट पाहावी लागे, हे वडीलधाऱ्यांना आठवत असेल.

या हकीकतीतून एक गोष्ट घ्यावयाची आहे. संदेशाच्या वाटेवर जो उभा असतो, त्याच्या हाती सत्ता असते. ती सत्ता काढून घ्यावयाची असेल तर त्याला बोल लावून भागत नाही. वाटेची रचनाच बदलावी लागते.

शून्य आणि एक

संदेश पाठवावयाचा म्हणजे नेमके काय पाठवावयाचे? जुन्या टेलिफोनमध्ये आवाजाच्या चढउताराप्रमाणे विजेच्या प्रवाहाचा चढउतार होई. वाटेत तो प्रवाह क्षीण झाला की त्याला बळ द्यावे लागे. परंतु त्याबरोबर वाटेत मिसळलेल्या खरखरीलाही बळ मिळे. शंभर कोसांवरचे बोलणे म्हणून विहिरीतून आल्यासारखे ऐकू येई.

डिजिटल पद्धतीत हा चढउतार पाठवीत नाहीत. प्रत्येक गोष्ट आधी अंकांत मांडतात, आणि ते अंक शून्य व एक या दोनच खुणांनी लिहितात. अशा एका खुणेला बिट म्हणतात, आणि आठ बिटांचा एक बाईट होतो. वाटेत खूण पुसट झाली तरी ती शून्य होती की एक, एवढेच ओळखावयाचे असते. ओळखली की ती पुन्हा ठळक काढून पुढे धाडता येते, आणि खरखर मागेच राहते. क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने १९४८ मध्ये असे सिद्ध केले की, प्रत्येक वाटेची एक ठराविक वहनक्षमता असते, आणि त्या मर्यादेच्या आत राहून संदेशाची मांडणी योग्य केली तर चुकीचा संभव हवा तितका कमी करता येतो. आजच्या सर्व दळणवळणाचा पाया हा आहे.

आपली मराठीसुद्धा याच दोन खुणांनी प्रवास करते. जगातील लिप्यांना क्रमांक देणारी युनिकोड नावाची व्यवस्था आहे. तिच्यात 'क' या अक्षराचा क्रमांक २३२५ आहे. देवनागरीचे प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक मात्रा साधारणतः तीन बाईटांत लिहिली जाते. 'समता' या शब्दात स, म, त आणि काना अशा चार खुणा आहेत. म्हणजे तो शब्द बारा बाईटांचा, अर्थात शहाण्णव शून्य-एकांचा झाला. मुंबईचे अक्षर, लातूरचे अक्षर, लंडनहून आलेले अक्षर, तारेतून जाताना सारखेच असते.

पाकिटांची व्यवस्था

टेलिफोनचे यंत्र स्वयंचलित झाले तरी एक अडचण उरलीच होती. दोघे बोलत असेपर्यंत त्यांच्यामधली सबंध वाट त्या दोघांसाठीच अडून राही, आणि मधले एक्स्चेंज बंद पडले तर सारेच बंद पडे. १९६० नंतरच्या काही वर्षांत पॉल बॅरन या अमेरिकेतील अभियंत्यास प्रश्न पडला होता की, अणुयुद्धात मोठमोठी केंद्रे नष्ट झाली तरी चालू राहील असे जाळे कसे बांधावे? १९६४ मध्ये त्याने आपली योजना प्रसिद्ध केली. इंग्लंडच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत डोनाल्ड डेव्हिस यालाही स्वतंत्रपणे तीच कल्पना सुचली, आणि पॅकेट हा शब्द त्याने रूढ केला. आपल्या भाषेत त्याला पाकीट म्हणावयास हरकत नाही.

कल्पना अशी आहे. मोठे पत्र एकदम पाठवावयाचे नाही. त्याचे लहान लहान तुकडे करावयाचे, प्रत्येक तुकडा वेगळ्या पाकिटात घालावयाचा, आणि प्रत्येक पाकिटावर पाठविणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता व तुकड्याचा अनुक्रम लिहावयाचा. एका पाकिटात साधारणतः १५०० बाईट मावतात. दोन हजार खुणांचा मराठी अर्ज सहा हजार बाईटांचा झाला, तर तो पाच पाकिटांतून जातो. त्याला जोडलेले दोन लाख बाईटांचे छायाचित्र सुमारे एकशे चाळीस पाकिटांतून जाते. ही पाकिटे चौकाचौकांतून पुढे सरकतात. त्या चौकातील यंत्राला राउटर म्हणतात. त्याचे काम टपाल वर्गीकरण करणाऱ्याचे आहे: पत्ता वाचावयाचा आणि पुढच्या योग्य चौकाकडे पाकीट धाडावयाचे. एक वाट बंद असली तर तो दुसऱ्या वाटेने धाडतो. म्हणून एकाच अर्जाची पाच पाकिटे वेगवेगळ्या वाटांनी जाऊन मागेपुढे पोचू शकतात. पलीकडचा संगणक ती क्रमाने लावतो, आणि मिळालेल्या पाकिटांची पोच परत पाठवितो. ज्याची पोच आली नाही ते पाकीट अलीकडचा संगणक पुन्हा धाडतो. वाण्याच्या यादीखाली जशी बेरीज असते, तशी प्रत्येक पाकिटावर आतील अंकांची एक बेरीज लिहिलेली असते. ती जुळली नाही तर पाकीट बिघडले असे समजून ते टाकून दिले जाते.

२९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून सुमारे साडेपाचशे किलोमीटर दूर असलेल्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेकडे अशा जाळ्यावरून पहिला संदेश निघाला. 'लॉगिन' हा शब्द इंग्रजीत पाठवावयाचा होता. पहिली दोन अक्षरे पोचली आणि पलीकडचा संगणक बंद पडला! तासाभराने तो पुन्हा सुरू झाला आणि पुरा शब्द पोचला. पुढे व्हिंट सर्फ आणि बॉब कान या दोघांनी १९७४ मध्ये निरनिराळी जाळी एकमेकांस जोडण्याचे नियम मांडले, आणि १ जानेवारी १९८३ रोजी ते मूळ जाळे त्या नियमांवर चालू लागले. जाळ्यांचे जाळे म्हणून त्यास इंटरनेट हे नाव पडले. आपल्या देशात शिक्षणसंस्थांना जोडणारे अर्नेट नावाचे जाळे १९८६ मध्ये सुरू झाले, आणि सामान्य नागरिकांस इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ पासून मिळू लागले.

पत्ता, नाव आणि तार

जाळ्यावरील पत्ता हा केवळ एक अंक असतो. जुन्या पद्धतीत तो बत्तीस बिटांचा असल्यामुळे असे पत्ते सुमारे ४२९ कोटीच होऊ शकतात. जगाची लोकसंख्या त्याहून अधिक आहे, आणि एकेका माणसाजवळ दोन-दोन यंत्रे आहेत. जागतिक साठ्यातील शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटले गेले. म्हणून आज चाळीतील अनेक बिऱ्हाडांनी एकच टपालपेटी वापरावी, तसे अनेक फोन बाहेर एकच पत्ता वापरतात. आणि एकशे अठ्ठावीस बिटांचे नवे पत्तेही चालू झाले आहेत.

माणसाला अंक लक्षात राहत नाहीत, म्हणून नावे आली. नाव सांगितले की अंक शोधून देणारी सार्वजनिक यादी पॉल मॉकापेट्रिस याने १९८३ मध्ये रचली. ही नावे उजवीकडून वाचावयाची असतात, जसे आपण पत्त्यात शेवटी राज्य आणि देश पाहतो. याचा उपयोग पुढे सांगतो.

आता वाट. पुष्कळांचा असा समज आहे की आपला संदेश आकाशातील उपग्रहाकडे जातो. तसे क्वचितच घडते. फोनपासून टॉवरपर्यंत तो बिनतारी लहरींनी जातो. तेथून पुढे बहुतेक सारा प्रवास जमिनीखालून आणि समुद्राखालून, केसासारख्या बारीक काचेच्या तंतूंतून, प्रकाशाच्या रूपाने होतो. काच पुरेशी शुद्ध केली तर तिच्यातून दूरवर संदेश नेता येतील, हे चार्ल्स काओ याने १९६६ मध्ये दाखवून दिले. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. म्हणजे आठशे किलोमीटरची वाट तो एका सेकंदाच्या अडीचशेव्या भागात कापतो. परदेशांतून येणाऱ्या समुद्री तारांपैकी कित्येक मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्याला लागतात. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रिया शहराजवळ समुद्रात अशा तारा तुटल्या, तेव्हा आपल्या देशातील इंटरनेट मंदावले. परंतु पुरते थांबले नाही, कारण पाकिटे उरलेल्या वाटांनी जात राहिली. बॅरनची कल्पना किती पक्की होती याचा हा पुरावा होय.

समत्व कोणी राखावयाचे?

आता मुद्द्याची गोष्ट. त्या पाकिटावर पाठविणाऱ्याचे आडनाव नसते, त्याची वस्ती नसते, त्याचा धंदा नसतो. राउटर फक्त कोठे जावयाचे एवढेच वाचतो. मंत्र्याचे पाकीट आणि सफाई कामगाराच्या मुलीचे पाकीट एकाच रांगेतून जाते. मध्यस्थाला शक्य तितके कमी कळावे आणि शहाणपण दोन टोकांच्या माणसांकडे राहावे, ही या जाळ्याची मूळ रचना आहे. माणसाने बांधलेल्या वाटांमध्ये इतकी निःपक्षपाती वाट क्वचितच आढळते.

परंतु या गोष्टीने भुरळ पडू देऊ नका. हे समत्व निसर्गाने दिलेले नाही. तो माणसांनी केलेला नियम आहे, आणि माणसांनी केलेला नियम माणसांना मोडता येतो. तो तीन प्रकारे मोडतो.

पहिला प्रकार, मध्यस्थ पाकीट फोडून वाचतो. नुसते पाकीट हे बंद लखोट्यासारखे नसून पोस्टकार्डासारखे असते. वाटेवरचा कोणीही ते वाचू शकतो. यावर उपाय म्हणजे गुप्तलेखन. १९७६ मध्ये डिफी आणि हेलमन या दोन संशोधकांनी दाखवून दिले की, कधीही न भेटलेल्या दोन व्यक्ती उघड्या वाटेवरून बोलूनही आपसात गुपित ठरवू शकतात. त्याच विचारातून पुढे निघालेली एक पद्धत अशी समजा: मी माझी उघडी कुलपे गावभर वाटली आणि किल्ली मात्र माझ्याजवळ ठेवली, कोणीही पेटीला ते कुलूप लावून मला पाठवावे, उघडणार मीच. पडद्यावर पत्त्याशेजारी जे कुलपाचे चिन्ह दिसते त्याचा अर्थ एवढाच की वाट बंदिस्त आहे. पलीकडे बसलेला मनुष्य प्रामाणिक आहे, असा त्याचा अर्थ नाही. शिवाय कुलूप लावले तरी कोणी कोणास, केव्हा पाकीट धाडले हे बाहेरून दिसतेच. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. त्या हक्काची राखण करणारे हत्यार हे कुलूप आहे.

दुसरा प्रकार, मध्यस्थ भेदभाव करतो. आपल्या मर्जीतील ठिकाणे फुकट किंवा जलद, इतर ठिकाणे महाग किंवा सावकाश, असे त्याने ठरविले तर गरिबाला फुकट मिळते तेवढेच त्याचे जग होऊन बसेल. आपल्या देशात हा वाद मोठा झाला, लाखो नागरिकांनी नियामकाकडे पत्रे धाडली, आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने मजकुरावरून वेगवेगळा दर लावण्यास मनाई केली. नागरिकांना हा विषय समजला म्हणून ते बोलले, आणि बोलले म्हणून नियम झाला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

तिसरा प्रकार, मध्यस्थ वाटच बंद करतो. तारा कोणी तोडत नाही. केवळ एका आदेशाने एका जिल्ह्याचे टॉवर मुके होतात. त्या दिवशी कोणाची परीक्षेची प्रवेशपत्रिका, कोणाची मजुरी, कोणाचा अर्ज अडून बसतो. जम्मू-काश्मीरमधील बंदीच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी सांगितले की, इंटरनेटवरून केलेला विचारांचा आविष्कार आणि चालविलेला व्यवसाय यांस संविधानाच्या १९ व्या कलमाचे संरक्षण आहे. बेमुदत बंदी चालणार नाही. आणि बंदीचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, म्हणजे नागरिकास त्यांविरुद्ध दाद मागता येईल. एक आदेश पंधरा दिवसांहून अधिक काळ चालू शकत नाही, असा नियमही आहे. त्यापूर्वी, सप्टेंबर २०१९ मध्ये, केरळ उच्च न्यायालयाने वसतिगृहातील एका विद्यार्थिनीच्या याचिकेवर, इंटरनेट वापरता येणे हा शिक्षणाच्या व खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे असे म्हटले. हे निर्णय कागदावर आहेत. त्यांचा आधार घेण्यासाठी ते ठाऊक असणारे नागरिक पाहिजेत.

याशिवाय जाळ्याची एक उणीव सांगितली पाहिजे. जाळे अंकांची बेरीज तपासते, मजकुराचा खरेपणा तपासत नाही. बारा बाईटांचा शब्द बारा बाईटांचाच पोचला की त्याचे काम संपले. अफवा आणि सत्य ही दोन्ही सारख्याच वेगाने आणि सारख्याच बिनचूकपणे पोचतात. म्हणून "फोनवर आले आहे" हा कोणत्याही गोष्टीचा पुरावा होऊ शकत नाही. ते काम टोकावरच्या माणसाच्या बुद्धीचे आहे, आणि ते कोणत्याही यंत्रावर सोपविता येत नाही.

घराघरांत काय करावे

हे वाचून आपण काय करावे, असे विचाराल तर पाच गोष्टी सांगतो.

एक, अर्ज दुकानात भरा किंवा घरी भरा, खाते आपल्याच फोन क्रमांकावर उघडा आणि पासवर्ड आपल्याच हाताने लिहा. दुकानदार टंकलेखनाचे पैसे घेतो. किल्ली त्याच्याकडे ठेवण्याचे कारण नाही.

दोन, ओटीपी ही क्षणभर टिकणारी किल्लीच आहे. आपण स्वतः कोणते काम करीत आहोत हे पुरते माहीत असल्याखेरीज ती वापरू नका, आणि फोनवरून मागणाऱ्यास, तो बँकेचे नाव सांगो की सरकारचे, कधीही देऊ नका. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर विलंब न करता कळवा. जितका उशीर होईल तितका पैसा हाती लागणे कठीण होते.

तीन, नाव उजवीकडून वाचा. सरकारी ठिकाणाचे नाव बहुधा 'जीओव्ही डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन' असे संपते. ही अक्षरे मध्ये कोठे तरी असून शेवट 'डॉट कॉम' असा होत असेल, तर ते ठिकाण सरकारी नव्हे असेच धरून चाला. मात्र नाव पहिल्या एकेरी तिरप्या रेघेपर्यंतच वाचावयाचे. त्यापुढचा भाग आतल्या पानाचा असतो.

चार, पोच म्हणजे काय ते ओळखा. संगणकाने संगणकाला दिलेली पोच निराळी आणि कार्यालयाने तुम्हांस दिलेली पोच निराळी. व्हॉट्सअ‍ॅपवर एक खूण म्हणजे संदेश निघाला, दोन म्हणजे पोचला, आणि तो वाचला की त्या दोन खुणा निळ्या होतात (समोरच्याने ती सोय बंद केली नसेल तर). अर्जाचेही तसेच आहे. अर्जाचा क्रमांक आणि तारीख असलेली पावती हाती आल्याखेरीज अर्ज गेला असे मानू नका. ती कागदावर काढून जपून ठेवा. शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका, कारण त्या दिवशी सर्वांची पाकिटे एकाच दाराशी दाटी करतात, आणि दार मात्र तेवढेच राहते.

पाच, इंटरनेट बंद झाले तर नुसते हळहळत बसू नका. तार तुटली आहे की आदेश निघाला आहे, हे विचारा. आदेश असेल तर तो कोणी काढला, कोणत्या कारणाने काढला आणि किती दिवसांसाठी, हे विचारण्याचा तुम्हांस हक्क आहे.

वस्तीत बारावी झालेला एखादा मुलगा किंवा मुलगी असतेच. रविवारच्या सायंकाळी तासभर सर्वांना एकत्र बसवून, कागदाची पाच पाकिटे करून, ती निरनिराळ्या हातांतून फिरवून हा खेळ त्यांनी दाखवावा. वयस्कर माणसांनी संकोच न धरता प्रश्न विचारावेत. लिहिता-वाचता येऊ लागले तेव्हा आपल्या घरातील पत्र दुसऱ्याच्या दारात जाणे थांबले. त्या वेळी कोणी आपणांस शाई कशी बनते हे विचारले नव्हते. परंतु अक्षर मात्र आपणांस स्वतः गिरवावे लागले होते. आजही तेवढेच गिरवावयाचे आहे. पुढच्या वेळी मुलीचा अर्ज भरावयास निघाल तेव्हा तिला बरोबर न्या, खुर्चीवर तिला बसवा, आणि पासवर्ड तिलाच लिहू द्या.